गोसेवक विनोबा

मागे एकदा चातुर्मासात पेण तालुक्याच्या खारेपाटातील एका गावी आमचे कीर्तन होते. विषय भूतदयेचा. नाथबाबांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ते आख्यान आम्ही लावले होते. मंडळी रंगली, डोळे पुसू लागली. आरती झाली, अबीर-बुक्का झाला, मंडळी पांगली. एक म्हातारे शेतकरी मात्र खांबाला टेकून बसून राहिले. जवळ येऊन पाया पडले आणि हळूच एक गोष्ट विचारली. त्यांच्या गोठ्यात एक बैल होता. चौदा पावसाळे त्याने चिखलणी केली, भाताचे भारे ओढले. आता त्याचे पुढचे पाय गेले. मुलाने नांगरटीला यंत्र आणले. बैल विकायचा तर घेणारा कशासाठी घेईल हे उघड होते. कायदाही आड येतो आणि मनही. ठेवायचा तर पेंढा कोणी द्यायचा? नाथबाबांनी गाढवाला पाणी एकदा पाजले, बुवा. याला तर रोज खायला लागते, असे त्यांचे म्हणणे.

आम्ही पंढरीनाथावर हवाला ठेवून काहीतरी उत्तर दिले. म्हातारे मान हलवून गेले. पण रात्री आम्हाला झोप लागेना. ज्या उत्तराने ऐकणाऱ्याचे पोट भरत नाही, आणि सांगणाऱ्याचेही नाही, ते उत्तर कसले? तेव्हा आठवण झाली ती त्याच तालुक्यात जन्मलेल्या एका महापुरुषाची. त्याने आयुष्याची अखेरची वर्षे याच प्रश्नासाठी वेचली. ते म्हणजे आचार्य विनोबा भावे. त्यांचे हे चरित्र भूदानासाठी सर्वांस ठाऊक आहे. आज आम्ही ते गोठ्याच्या दाराशी उभे राहून सांगणार आहोत.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे या गावी झाला. त्या वेळचा हा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. नाव विनायक नरहरी भावे. आजोबा शंभुराव मोठे शिवभक्त, व्रतस्थ. आई रुक्मिणीबाई, घरात भक्तीचा ओलावा तिच्यामुळे. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलाला खायला द्यायचे नाही, हा तिचा नेम. परसातला फणस फोडला की पहिले गरे गावातल्या घरोघरी पोचवायचे आणि मग घरच्यांनी खायचे. ते पोचवायचे काम लहानग्या विन्याकडे. दुसऱ्याचा वाटा आधी काढायचा, हा धडा असा फणसाच्या गऱ्यांतून मिळाला. पुढे लाखो एकर जमीन मागणाऱ्या माणसाचे हे पहिले शिक्षण, बरं का!

शंभुरावांची एक गोष्ट विनोबा पुढे सांगत असत. एके दिवशी आजोबा पूजेला बसले, तो देवाच्या मूर्तीवर विंचू येऊन बसलेला. घरात एकच ओरडा झाला, मारा मारा म्हणून. आजोबांनी सर्वांना थांबवले. हा देवाला शरण आला आहे, याला कोणी हात लावायचा नाही, असे बजावले आणि गंध, फूल, पाणी सारे उपचार शांतपणे पुरे केले. थोड्या वेळाने विंचू आपला उतरून निघून गेला. आता पाहा, विंचू म्हणजे काही दूध देणारी गाय नव्हे. त्याचा उपयोग तर नाहीच, उलट भय. तरीही शरणागताला अभय, हा न्याय त्यालाही लागू झाला. उपयोग असेल तोवर सांभाळायचे आणि उपयोग सरला की टाकायचे, हा व्यवहार झाला. त्याला दया म्हणत नाहीत. लहानपणी देवघरात पाहिलेले हे दृश्य विनोबांच्या मनातून कधी गेले नाही.

वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास होते. पुढे मुलेही तिकडे गेली. विनायकाची बुद्धी तीव्र, गणितात विशेष गती. पण मन ब्रह्मजिज्ञासेकडे. १९१६ साली परीक्षेची वाट सोडून ते काशीस गेले आणि तेथून ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेस कोचरबच्या आश्रमात गांधीजींना भेटले. पुढे रजा घेऊन वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे, शांकरभाष्य यांचे अध्ययन केले. आम्हीही पाठशाळेत वाढलेले. शास्त्राभ्यास केलेला मनुष्य झाडू, चरखा आणि शेणाची पाटी हाती घेतो, तेव्हा त्याच्या विद्येची किंमत आम्हाला अधिक वाटते. १९२१ साली ते वर्ध्यास आले आणि वर्धा हेच त्यांचे कर्मक्षेत्र झाले.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने केली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून आज ती घरोघरी आहेत. दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतो. तेथे विनोबांनी गाय, घोडा, साप, कोकिळा यांच्यात परमेश्वर कसा ओळखावा हे इतक्या सोप्या भाषेत सांगितले आहे, की मुलालाही समजावे. तुरुंगात ऐकणारे राजबंदी होते, त्यांच्यासमोर हा विषय! पण विनोबांच्या दृष्टीने स्वराज्याची हद्द माणसापाशी संपत नव्हती.

याच सुमारास ते वर्ध्याजवळ नालवाडीस हरिजन वस्तीशेजारी राहू लागले. तेथे गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे काम उभे केले. वाचकांना वाटेल, गोसेवेच्या गोष्टीत कातडे कोठून आले? येथेच खरी खोच आहे. जिवंत जनावरापेक्षा कापलेल्या जनावराला जास्त किंमत येते, तोवर ते कसायाकडे जाणारच. आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचे कातडे, हाडे, शिंगे यांचा नीट उपयोग झाला, तर मालकाला दोन पैसे सुटतात आणि कापण्याचा मोह कमी होतो. आणि हे काम हलके मानून ज्यांना आपण शिवत नव्हतो, त्यांच्यावाचून गोरक्षण होऊच शकत नाही. गाईची पूजा करायची आणि तिचे कलेवर ओढणाऱ्याला मात्र दूर ठेवायचे, ही आपल्या धर्माची लबाडी त्या चर्मालयाने उघडी पाडली.

१९४१ साली गांधीजींनी वर्ध्यास गोसेवा संघ स्थापला. जमनालाल बजाजांनी ते काम अंगावर घेतले आणि काही महिन्यांतच, ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, ते देवाघरी गेले. संघाच्या सभासदाने गाईचेच दूध-तूप वापरावे आणि मेलेल्या जनावराचेच चामडे वापरावे, असा नियम होता. संघाच्या नावात रक्षण नव्हे तर सेवा हा शब्द आहे, तोही विचार करून. रक्षण करणारा वर उभा असतो, सेवा करणारा खाली वाकतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात शेती आणि गोरक्षण एकाच समासात गुंफलेली आहेत, हे पाठशाळेत आम्ही घोकले होते. त्या समासाचा अर्थ विनोबांनी जगून दाखवला. शेतीवाचून गोसेवा नाही आणि गोसेवेवाचून शेती नाही.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूदानाचा उगम झाला. रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन दिली, आणि मग तेरा वर्षे हा मनुष्य पायी चालत राहिला. घरात पाच मुले असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे त्यांचे मागणे असे. वारी आपल्याला वर्षातून एकदा घडते. विनोबांची वारी तेरा वर्षे उठलीच नाही.

मे १९५८ मध्ये पंढरपुरास सर्वोदय संमेलन भरले. बडवे-पुजाऱ्यांच्या संमतीने विनोबांनी निरनिराळ्या धर्मांचे सहकारी बरोबर घेऊन पांडुरंगाचे दर्शन घेतले. सर्वांना घेऊन जाता येत असेल तरच देवळात पाऊल टाकायचे, हा त्यांचा बाणा. पांडुरंगाच्या पायावर डोके ठेवताना त्यांच्या डोळ्यांतून अश्रुधारा वाहिल्या. वारकऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. पुढे गाईसाठी प्राण पणाला लावणारा हा मनुष्य कोणत्याही समाजाचा वैरी नव्हता. त्याने कुराणाचे अध्ययन करून त्याचे सार काढले होते. गाईचे नाव घेऊन शेजाऱ्याचा द्वेष करणे त्याला पाप वाटे.

आता कायद्याकडे वळू. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानात ४८ वे कलम आहे. शेती व पशुपालन शास्त्रीय पद्धतीने करावे, आणि गाई, वासरे व इतर दुभत्या आणि ओढकामाच्या जनावरांच्या हत्येस प्रतिबंध करावा, असे ते राज्याला सांगते. पण ते मार्गदर्शक तत्त्व. प्रत्येक राज्याने आपापला कायदा करायचा. एप्रिल १९५८ मध्ये, म्हणजे पंढरपूरच्या त्या दर्शनाच्या आदल्याच महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने बिहार आदी राज्यांच्या कायद्यांवर निकाल दिला. गाय आणि वासरू यांच्या हत्येवर पूर्ण बंदी योग्य ठरली; पण कामातून गेलेल्या बैलांवर व आटलेल्या म्हशींवर सरसकट बंदी न्यायालयास मान्य झाली नाही. चाऱ्याचा खर्च कोणी सोसावा, हा त्या निकालातला एक मुद्दा. खारेपाटातल्या त्या म्हाताऱ्या बाबांचा प्रश्न असा दिल्लीच्या न्यायासनापुढेही उभा राहिला होता!

दोनच वर्षांनी, १९६० साली, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने केला. त्यामागे राज्यसभेतील रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची खटपट होती. त्यांनी आधी स्वतः विधेयक मांडले, सरकारने आपण कायदा करतो असे आश्वासन दिले तेव्हा ते मागे घेतले. विनोबांच्या आईचे नाव रुक्मिणी, आणि मुक्या जिवांची बाजू संसदेत मांडणारीही रुक्मिणीच. हा योगायोग कीर्तनकाराच्या नजरेतून कसा सुटेल?

विनोबा १९७० पासून पवनारच्या आश्रमातच क्षेत्रसंन्यास घेऊन राहिले होते. आणीबाणी आली. त्या काळातील त्यांच्या भूमिकेवर पुष्कळ टीका झाली, अजूनही होते. ती झाकण्याचे आम्हास कारण नाही. पण त्याच आणीबाणीत, १९७६ च्या उन्हाळ्यात, त्यांनी सरकारला कळवले, की देशभर गोहत्याबंदी झाली नाही तर ११ सप्टेंबरपासून, म्हणजे आपल्या वाढदिवसापासून, आपण उपोषणास बसू. वृत्तपत्रांवर बंधने होती. आश्रमाच्या मैत्री मासिकात हे छापले, तर त्याच्या प्रती पोलिसांनी उचलून नेल्या. ८० वर्षांचा म्हातारा, हाती काही नाही, आणि सरकारला त्याचे मासिक भारी झाले! पुढे सरकारकडून आश्वासने मिळाली, बऱ्याच राज्यांनी पावले उचलली आणि उपोषण टळले. महाराष्ट्राचा प्राणी रक्षण अधिनियम १९७६ सालचाच. त्याने गाय वाचली. बैल मात्र निकामी असल्याचा दाखला मिळाला की कापता येत होता.

केरळ व पश्चिम बंगाल यांचा प्रश्न तसाच राहिला. २२ एप्रिल १९७९ रोजी विनोबांनी उपोषण आरंभले. पाचव्या दिवशी, पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी घटनादुरुस्तीचे आश्वासन दिल्यावर, ते सुटले. विधेयक लोकसभेत मांडलेही गेले. पण जुलैमध्ये ते सरकारच पडले आणि विधेयक तेथेच विरले. दुसरा कोणी असता तर संतापला असता, नाही तर थकून बसला असता. विनोबांनी पाहिले, की राजधानीच्या आश्वासनाने बैल वाचत नाही. तेव्हा त्यांनी गोष्ट लोकांच्या हाती दिली.

मुंबईस देवनार येथे महापालिकेचा मोठा कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला होता. राज्याच्या कानाकोपऱ्यातून बैल मालमोटारींत भरून तेथे जात. ११ जानेवारी १९८२ पासून विनोबांच्या सांगण्यावरून त्या दारापुढे सत्याग्रह सुरू झाला. अच्युतभाई देशपांडे यांनी त्याची धुरा वाहिली. मागणी एकच, की कोणत्याही वयाचा गाय-बैल कापू नये. रीतही ठरलेली. मालमोटारीपुढे शांतपणे उभे राहायचे. कोणावर हात उगारायचा नाही, कोणाला शिवी द्यायची नाही, चालकाला वा खाटिकाला शत्रू मानायचे नाही. पोलिसांनी धरले तर मुकाट्याने जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. प्रांतोप्रांतीचे लोक येऊन ही पाळी देत. हा सत्याग्रह एक-दोन महिन्यांचा नव्हे, विनोबांच्या मागेही वर्षानुवर्षे चालू राहिला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात विनोबा आजारी पडले. देहाचे काम संपले हे ओळखून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. १५ नोव्हेंबर १९८२, दिवाळीचा दिवस. पवनारास धाम नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. गाईसाठी त्यांनी दोनदा अन्न पणाला लावले होते. शेवटी स्वतःसाठीही ते मागितले नाही. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या खटल्यात जुना निकाल बदलला. म्हातारा बैलही शेणमूत्राने उपयोगी पडतो, आणि बंदी सर्व वयाच्या बैलांना लागू करता येते, असे ठरले. महाराष्ट्राने १९९५ साली केलेल्या दुरुस्तीस २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली. तेव्हापासून आपल्या राज्यात बैल कापणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली. परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगण्याचा गुन्हा मात्र रद्द केला. इकडे आपल्या अलिबाग-मुरुडच्या वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या बंद केल्या. २०२१ च्या डिसेंबरात अटींवर मोकळ्या केल्या आणि २०२३ साली राज्याचा कायदा ग्राह्य धरला. अटी कागदावर आहेत. शेपूट पिरगाळणारा हात वाळूवर आहे. त्या हाताला धरणारा हात गावातलाच लागतो.

म्हणजे विनोबांनी मागितलेला कायदा महाराष्ट्रात झाला. मग त्या म्हाताऱ्या बाबांचा प्रश्न सुटला का? नाही सुटला! उलट अधिक टोकदार झाला. कायद्याने सुरी थांबते. गव्हाणीत पेंढा पडत नाही. आज कित्येक गावी लोक म्हातारी जनावरे रात्री दूर नेऊन सोडून देतात. ती रस्त्यावर मोटारीखाली येतात, उकिरड्यावर पिशव्या खातात, दुसऱ्याच्या शेतात मार खातात. सुरीने मेला नाही, भुकेने मेला. यात आपण कोणते पुण्य जोडले? आणि दुसरीकडे कायद्याचे नाव घेऊन वाटेत माणसांना मारणारेही निघाले. देवनारच्या दारात जे उभे राहिले त्यांनी मार खाण्याची तयारी ठेवली होती, देण्याची नव्हे. विनोबांचे नाव घेणाऱ्याने एवढा भेद जाणावा.

विनोबांच्या चरित्रात आम्हाला उत्तर सापडले ते असे. गाय-बैलाचा भार एका शेतकऱ्याने वाहायचा आणि पुण्य मात्र साऱ्या गावाने वाटून घ्यायचे, हा अन्याय आहे. जमिनीसाठी त्यांनी सहाव्या मुलाचा वाटा मागितला. तसाच गावातल्या म्हाताऱ्या बैलाचा वाटा प्रत्येक घराने काढला पाहिजे. रुक्मिणीबाई फणसाचे पहिले गरे बाहेर पाठवीत, तसा भाताच्या झोडणीनंतर पेंढ्याचा पहिला भारा बाहेर निघाला पाहिजे.

पुढल्या वर्षी त्याच गावी पुन्हा कीर्तनाचा योग आला. या वेळी आम्ही आख्यान विनोबांचे लावले आणि शेवटी पदर पसरला. आमची बिदागी आम्ही त्याच पदरात टाकली. खरे सांगतो, सारा गाव काही उठला नाही. सात घरांनी भारे कबूल केले, त्यांतल्या पाच घरांनी दिले. देवळामागच्या पडवीत पेंढा रचला. म्हाताऱ्या बाबांचा बैल त्यावर आणखी दोन पावसाळे जगला आणि आपल्या दाव्यालाच, आपल्या मरणाने गेला. दिवाळीच्या पाडव्याला त्याच्याही शिंगांना गेरू लागला होता, असे बाबांनी आम्हाला मुद्दाम निरोप धाडून कळवले.

वारकरी मंडळींनो, आषाढीस माउलींचा आणि तुकोबारायांचा रथ बैल ओढतात. त्या जोडीचा मान मिळावा म्हणून आपण किती धडपडतो! तो मान मिळालेला बैल म्हातारा झाल्यावर कोठे असतो, हे एकदा जाऊन पाहावे. ज्याच्या खांद्यावर पालखीचा भार होता, त्याच्या गव्हाणीत पेंढा आहे ना, एवढे पाहिले तरी विनोबांची पुण्यतिथी साजरी झाली असे आम्ही समजू.

राम कृष्ण हरी!